कूलर बंद झाल्यावर

24 मे 2024, शुक्रवार
दिवसभर मुद्रितं तपासली. टेबलाखाली संगणक चालू आहे हे फक्त पायाला लागणाऱ्या गरम हवेवरून कळत होतं. त्याच्या पंख्याला आवाज आहे, पण खिडकीतल्या लोखंडी कूलरपुढे त्याचं काय चालणार! अठरा इंची पंखा, पंपाची गुरगुर, वाळ्याच्या ताट्यांवरून गळणारं पाणी. फोनमधल्या मीटरने साठच्या वर डेसिबल दाखवले. फोन म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, पण अंदाज येतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 आहे. आमच्या खोलीतल्या कूलरला ती कोण लावणार? उन्हाळ्यात अर्धं नागपूर याच घरघरीत झोपतं, आणि वीज गेली की उकाड्याच्या आधी शांततेने जागं होतं.

2 जून, रविवार
गेल्या आठवड्यात शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने पारा 56 अंशांवर नेला. हवामान खात्याने तो संवेदकाचा दोष ठरवला. खरा आकडा 45च्या आसपासचा, तोही पुरेसा आहे. संगणकातला पंखा थंड हवा तयार करत नाही, खोलीतलीच हवा चिपवरून फिरवतो. खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच वर चढते, मग पंख्याला जास्त फिरावं लागतं. पुण्यात गप्प बसणारा डबा इथे मे महिन्यात ओरडतो तो यामुळे.

वेगाचा हिशेब मजेशीर आहे. पंख्याचे फेरे निम्मे केले तर हवाही निम्मी होते, पण आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. 10 डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. आकाराचंही तेच. 80 मिलिमीटरचा पंखा 3000 फेऱ्यांनी जेवढी हवा ढकलतो, तेवढी 120चा पंखा ढोबळमानाने नऊशेच्या आसपास फेऱ्यांत ढकलतो. लॅपटॉपमध्ये मोठ्या पंख्याला जागाच नाही, म्हणून तो चिरक्या आवाजात बोलतो.

11 जून, मंगळवार
संध्याकाळी डबा घेऊन बर्डीच्या बाजारात गेलो. आत अधूनमधून ‘टकटक’ येत होती. दुरुस्तीवाल्या पोराने झाकण न काढताच कान लावला. ‘काका, बेअरिंग नाही गेलं. वायर लागून राहिली पात्याले.’ वायर पट्टीने बांधली, टकटक बंद. पैसे घेतले नाहीत.

त्याच्याकडे आवाजांची यादीच आहे. सुरू करताना घर्र आणि मग शांत, म्हणजे स्लीव्ह बेअरिंगमधलं तेल आटलं. फेऱ्यांसोबत चढणारी शीळ म्हणजे हवेची वाट अडली, बहुतेक वेळा धुळीने. आपल्याला जो ‘आवाज’ वाटतो ती त्याच्यासाठी बातमी असते. पंख्याचा आवाज कसा ऐकला जातो, हे ऐकणाऱ्याच्या धंद्यावरही ठरतं.

29 जून, शनिवार
पाऊस लागला. काल कूलर काढला, ताट्या उन्हाची वाट पाहत गच्चीत उभ्या आहेत. आणि आज सकाळपासून संगणक ऐकू येतोय! मे महिन्यापेक्षा त्याचा पंखा आता हळू फिरतो, म्हणजे आवाज उलट कमी झाला आहे. तरी तोच डोक्यात जातो. कूलरने तो झाकून ठेवला होता, एवढंच.

शेजारच्या काकू येऊन बसल्या, त्यांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांची नात नीट परीक्षेच्या तयारीला लागली आहे. तिला दारातूनच कळलं. ‘हा घूं-घूं काहून करून राहिला?’ काकूंनी तिलाच दटावलं, की तुला अभ्यास नको म्हणून कान लागतात.

पोरीचं बरोबर होतं. डब्यात सात पात्यांचे दोन पंखे आहेत. एक मिनिटाला 1200 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 140 वेळा पातं एका जागेवरून जातं. दुसरा 1230ने फिरला तर ते 143.5 होतं. दोन स्वर असे जवळ आले की सेकंदाला साडेतीन वेळा लाट उठते. मीटरला तो एकच आकडा, कानाला मात्र गाऱ्हाणं. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली दाखवलं की आपला कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही. तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास तो सगळ्यांत तिखट, खालच्या स्वरांना बराच बोथट. त्यामुळे डब्यावर छापलेल्या डेसिबलच्या एका आकड्यावरून पंखा सहन होईल की नाही हे कळत नाही.

5 जुलै, शुक्रवार
मुद्रितशोधकाला जवळचा वाटावा असा एक प्रयोग आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी माणसांना वेळीअवेळी मोठा आवाज ऐकवला. काहींच्या हाताशी आवाज बंद करण्याचं बटन ठेवलं, पण शक्यतो वापरू नका असं सांगितलं. बहुतेकांनी ते दाबलं नाही. नंतर सगळ्यांना मुद्रितं तपासायला दिली, तर बटनवाल्यांनी चुका जास्त पकडल्या. आवाज दोघांना सारखाच होता. त्यांचं पुस्तक 1972चं.

कूलरचा खटका आपल्या हातात असतो, संगणकाचा पंखा मनाने चढतो-उतरतो. एक टॅब उघडली की भर्र, बंद केली की शांत. अखंड घरघर कान विसरतो, हा चढ-उतार विसरू देत नाही.

7 जुलै, रविवार
झाकण उघडलं. उन्हाळाभर कूलरची ओलसर हवा आणि धूळ मिळून हीटसिंकवर नमद्यासारखा थर बसला होता. ब्रशने काढला. बायोसमध्ये पंख्याचा वेग बांधून दिला: 60 अंशांपर्यंत 700 फेरे, त्यापुढे सावकाश चढण. दोन्ही पंख्यांच्या वेगात मुद्दाम मोठं अंतर ठेवलं, घूं-घूं गेली.

नवा डबा घेणाऱ्यांनी ‘सायलेंट’ या छापील शब्दावर जाऊ नये. मोठा पंखा, चार पिनांची जोडणी आणि उघडता येणारी जाळी मागा. आणि एप्रिलमध्ये कूलरच्या ताट्या बदलाल, त्याच दिवशी संगणकाचीही धूळ काढा.