रत्नमंडलातील लाल पाट्या

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही उभयता कंबोडियाला गेलो ते अंकोरची देवळे पाहायला. वर्गात वर्षानुवर्षे संस्कृतीच्या गप्पा मारणाऱ्या माणसाने एकदा तरी ते दगडात कोरलेले समुद्रमंथन डोळ्यांनी पाहावे, असे आमच्या हिचे म्हणणे. दुसरे कारण अधिक घरगुती होते. हिचे थोरले बंधू तिथे नोकरीला आहेत. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झाल्यावर माणसे बागकाम करतात, सोसायटीचे चिटणीस होतात. आमचे दादा एका परदेशी मदतसंस्थेच्या भूसुरुंग काढण्याच्या कामाचे व्यवस्थापक होऊन बट्टंबंग या गावी जाऊन बसले.

"जावईबापू," त्यांनी फोनवर बजावले होते, "देवळं तीन दिवसांत बघून होतात. पुढचे चार दिवस माझे."

तीन दिवस देवळे पाहून पाय दुखू लागले, तेव्हा दादा सिआम रीपला आम्हांला न्यायला आले. निघण्यापूर्वी त्यांनी आम्हांला कुठे न्यावे? तर उंदीर पाहायला! घरात उंदीर दिसला की ही खुर्चीवर चढते. पण हे उंदीर साधे नव्हेत. मांजराएवढे लांब, आफ्रिकेतले. टांझानियातील मोरोगोरो येथे शिकून तयार झालेले. त्यांना स्फोटकाचा वास कळतो, आणि वजन किलो-दीड किलोच असल्यामुळे त्यांच्या पायाखाली सुरुंग उडत नाही. टेनिसच्या मैदानाएवढी जागा उंदीर अर्ध्या तासात हुंगून काढतो. धातुशोधक यंत्र घेतलेल्या माणसाला तिथे चार दिवसही लागतात, कारण यंत्र प्रत्येक खिळ्यापाशी अन् बाटलीच्या बुचापाशी ओरडते. मगावा नावाच्या उंदराने आपल्या हयातीत ७१ भूसुरुंग शोधले. त्याला २०२० साली इंग्लंडमधील एका प्राणिसेवी संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. २०२२ मध्ये तो म्हातारपणाने गेला. बक्षीस म्हणून केळ्याचा तुकडा खाणारा त्याचा एक भाईबंद पाहून आमची ही चक्क म्हणाली, "गणपतीने वाहन निवडलं ते उगीच नाही हो!"

दादा हसले. "उंदराचं कौतुक सगळे करतात. पण त्याला कुठल्या शेतात आधी सोडायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते माझं काम."

हे वाक्य तेव्हा मी कानाआड केले. माझे लक्ष वाटेवरच्या शब्दांकडे होते. ख्मेर भाषेत शिक्षकाला 'क्रू' म्हणतात, तो आपला गुरू. गावाला 'फूम', ती आपली भूमी. 'अंकोर' हे तर नगरच. मोटारीत मी असा एकेक शब्द पकडून हिला सांगत होतो आणि ही मान डोलावत पेंगत होती. बट्टंबंग या नावाचा अर्थ मात्र निव्वळ तिथला: हरवलेली काठी. कुणा राजाने फेकलेली दांडकी हरवली, अशी दंतकथा आहे. काठी धरलेला त्याचा भला मोठा पुतळा गावाच्या वेशीवर बसला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाइलिनच्या रस्त्याला लागलो. पाइलिन माणके आणि नीलम यांच्या खाणींचे गाव. वाटेत जो तालुका लागतो त्याचे नाव ऐकून मी दादांना मोटार थांबवायला लावली. रत्नक मोंडोल! म्हणजे रत्नमंडल. एवढे सुंदर नाव आपल्याकडे एखाद्या तालुक्याला नाही, असे मी बोलून गेलो.

"सुंदर खरं," दादा म्हणाले. "पण सुरुंगांनी सर्वांत जास्त पोळलेल्या तालुक्यांपैकी हा एक. रस्ता सोडून एक पाऊलसुद्धा टाकू नका."

आणि मग लाल पाट्या दिसू लागल्या. लाल पाटी, तीवर पांढरी कवटी. एक, दोन, मग ओळीने. त्यांच्या अलीकडे कसाव्याची हिरवी शेते. आपण एकादशीला ज्याची खिचडी करतो तो साबुदाणा याच कंदाचा. पलीकडे तसलीच जमीन, तीच माती. पण नुसते गवत.

या मातीत हे पेरले कुणी? १९७५ ते १९७९ ही ख्मेर रूजची काळी राजवट. व्हिएतनामच्या सैन्याने ती उलथली, पण ख्मेर रूजचे लोक थायलंडच्या सीमेकडे सरकून लढत राहिले. पाइलिन हे त्यांचे ठाणे. १९९६ साली तिथल्या सेनापतींनी सरकारशी हातमिळवणी करीपर्यंत हा रस्ता कधी यांचा, कधी त्यांचा. जो मागे हटे तो सुरुंग पुरून हटे. जो पुढे येई तो आपल्या ठाण्याभोवती आणखी पुरी. देशभर असे ४० ते ६० लाख सुरुंग पुरले गेल्याचा अंदाज सांगतात. १९७९ पासून सुमारे ६५,००० माणसे त्यांना व न फुटलेल्या बॉम्बगोळ्यांना बळी पडली. त्यांतली वीस हजारांच्या आसपास दगावली, बाकीची जायबंदी झाली. एकट्या १९९६ सालात हा आकडा ४,३२० होता. आता तो वर्षाला शंभराच्या आत आहे. मधल्या काळात काय झाले, ते मी त्या दिवशी पाहिले.

शेताच्या कडेला मंडपाखाली आम्हांला बसवले. आमचे रक्तगट लिहून घेतले, तेव्हा हिने माझा हात घट्ट धरला. समोर मीटरभर रुंदीच्या पट्ट्या आखल्या होत्या. एका पट्टीत एकच माणूस, दोन माणसांत बरेच अंतर. एकाची चूक दुसऱ्याला भोवू नये म्हणून. काम करणाऱ्यांत निम्म्या बायका. अंगावर जाड चिलखती अंगरखा, तोंडावर पारदर्शक ढाल, आणि वर ते ऊन! आधी गवत कातरायचे, मग यंत्र फिरवायचे. ते ओरडले की गुडघ्यांवर बसून तिरक्या सळईने माती बाजूने हळूहळू उकरायची. वरून दाबायचे नाही. आमच्या देखत एकीने अर्धा तास खपून काय काढले? एक गंजका खिळा. तिने तो डब्यात टाकला आणि पुन्हा यंत्र उचलले.

दादांनी कचेरीत निकामी केलेला एक सुरुंग दाखवला. आमटीची वाटी पालथी घालावी एवढा, हिरवा, प्लॅस्टिकचा. आत ५१ ग्रॅम स्फोटक. मूठभर शंकरपाळ्यांचे वजन. असला सुरुंग तीन डॉलरांतसुद्धा तयार होई. तो काढायला तीनशेपासून हजार डॉलरांपर्यंत खर्च येतो, असा हिशेब संयुक्त राष्ट्रांनी मांडला होता.

त्या पाट्यांकडे पाहताना दादांच्या दुभाष्याने मला एक शब्द सांगितला: 'प्रयत्'. अर्थ, सावध राहा. लिहिताना मात्र तिथे आपला अख्खा 'प्रयत्न' लिहितात. आमचा प्रयत्न त्यांच्याकडे जाऊन सावधगिरी झाला! वर्गात सांगायला छान गोष्ट मिळाली म्हणून मी खूश होतो. तेवढ्यात तो शेतकरी आला.

पन्नाशीचा असेल. एक पाय गुडघ्याखाली कृत्रिम, बट्टंबंगच्या केंद्रात फुकट बसवलेला. त्याने टोपी काढून नमस्कार केला आणि बाकावर टेकला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आमच्या गावाच्या यादीत माझे शेत गेल्या वर्षी तिसरे होते, यंदा ते सातवे कसे झाले?

दादांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून सांगितले. यादी गावच्या सभेत होते, आपल्या ग्रामपंचायतीसारख्या कम्यूनकडून प्रांताच्या कचेरीत जाते. यंदा शाळेची वाट वर आली, कारण पावसाळ्यात मुले आडवाटेने जातात. मग तळे. मग दोन विधवा बायकांची शेते. पथके दोनच.

"पुढच्या वर्षी होईल?"

"सांगू शकत नाही."

"मग मी नांगर घालतो," तो शांतपणे म्हणाला. "मका पिकला नाही तर पुढचं वर्ष आम्ही बघणार कसे?"

"नांगर घालू नका," एवढेच दादा म्हणाले. तो उठला, टोपी घातली आणि लंगडत गेला.

मला राहवले नाही. रात्री जेवताना मी म्हणालो, "दादा, एवढं कोरडं उत्तर? दोन शब्द गोड बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

हिने मला डोळ्यांनी दटावले. दादा मात्र रागावले नाहीत. ताटातला भात चिवडत म्हणाले, "पहिल्या वर्षी गोड बोललो होतो. एकाला म्हटलं, 'बघू या, लवकरच होईल.' त्यानं ऐकलं की झालंच. पंधरा दिवसांनी मुलाला गुरं घेऊन तिकडे पाठवलं. मुलगा वाचला, पाय गेला. तेव्हापासून 'लवकरच' हा शब्द मी सोडला."

कुणी काही बोलले नाही. मग त्यांनीच पुढे सांगितले. पैसा देणारे देश दूर आहेत. वर्षाअखेर त्यांना अहवाल लागतो: किती चौरस मीटर मोकळे केले? "आकडाच फुगवायचा तर सोपं आहे. जिथे सुरुंग फारसे नाहीत, माणूसही राहत नाही, असं माळरान घ्यायचं. भराभर काम होतं, अहवाल देखणा दिसतो. शाळेची वाट मात्र मेली झुडपाझुडपांची. महिना जातो आणि चार पट्ट्या होतात. अहवाल लिहिताना दरवर्षी हात तिकडे ओढतो, जावईबापू. तो आवरायचा, हीच खरी नोकरी."

दया म्हणजे हात सैल सोडणे, अशी माझी समजूत होती. इथे माणूस दयेपोटीच हात आखडून बसला होता आणि शिव्या खात होता. माझी जीभ पुढे वळली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा रत्नमंडलात गेलो. बघतो तर त्याच शेतकऱ्याच्या बांधावर तीन माणसे वह्या घेऊन उभी! दादांनी सकाळीच चौकशीचे पथक पाठवले होते. त्याला मात्र काही सांगितले नव्हते. हे पथक खणत नाही, विचारते. गुरे कुठे चरतात, स्फोट कुठे झाले, जुने खंदक कुठे होते. चौकशीतच पुष्कळ जमीन निर्धोक ठरते. शेजारच्या गावातून एका म्हाताऱ्या सैनिकाला बोलावले होते. चाळीस वर्षांपूर्वी या ओढ्याकाठी सुरुंग पुरणाऱ्या तुकडीत तो होता. तो काठीने दाखवत होता: इथून त्या चिंचेपर्यंत, ओढ्याच्या कडेकडेने. शेतकरी कृत्रिम पायावर भार देऊन त्याच्या शेजारी उभा राहून ऐकत होता. मग दोघे एकाच बाकावर चहा प्यायला बसले. ते काय बोलले, हे दुभाष्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

आम्ही परतलो. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि कंबोडियातील कित्येक पथके एका आठवड्यात घरी बसली. त्याच वर्षी जुलैत, आणि पुन्हा डिसेंबरात, थायलंडच्या सीमेवर तोफा धडाडल्या. १९९७ च्या ज्या करारान्वये दीडशेहून अधिक देशांनी भूसुरुंग वर्ज्य केले, त्यातून बाहेर पडण्याचा निर्णय याच वर्षी पोलंड, फिनलंड आणि तीन बाल्टिक देशांनी घेतला. आपल्या देशाने तर त्यावर सही केलेलीच नाही. दादांच्या भिंतीवरची यादी अशा वेळी पुन्हा पुसावी आणि पुन्हा लिहावी लागते.

मात्र त्या चौकशीचा निकाल लागला. सुरुंग ओढ्याकाठच्या पट्टीतच असावेत, बाकी शेताला भीती नाही, असे ठरले. कागदावर सह्या झाल्या, पाट्या मागे ओढ्याकडे सरकल्या आणि उरलेल्या रानात मका उभा राहिला. दादांनी फोटो पाठवला आहे. त्यात कणसे दिसतात, आणि त्यांच्या मागे लाल पाट्याही.

ती पट्टी अजून यादीत आहे. दर रविवारी फोन लागला की तब्येतीपाण्याच्या आधी ही विचारते, "दादा, त्याचा नंबर कितवा आला रे?" मधे दोनदा तो खाली घसरला. गेल्या रविवारी उत्तर आले, "दुसरा."

"म्हणजे लवकरच," ही म्हणाली.

तिकडून दादा काहीच बोलले नाहीत. मग हिनेच जीभ चावली आणि विषय बदलला.