पटॅप्स्को नदीच्या काठी

अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या दक्षिणेस, पटॅप्स्को नदीच्या काठी, फोर्ट मॅकहेन्री नावाचा जुना पंचकोनी किल्ला आहे. 1814 साली इंग्रजी आरमाराने त्यावर तोफांचा मारा केला. तो पाहून फ्रान्सिस स्कॉट की नावाच्या वकिलाने जे कवन रचले, तेच पुढे त्या देशाचे राष्ट्रगीत झाले. परंतु आम्ही तेथे गेलो ते किल्ला पाहावयास नव्हे. याच वकिलाचे नाव दिलेला पूल जेथे उभा होता, ती जागा किल्ल्याजवळच्या काठावरून दिसते, म्हणून गेलो.

आम्ही पोहोचलो तेव्हा एक अजस्र मालवाहू जहाज दोन टगबोटींच्या आधाराने हळूहळू तोंड फिरवीत होते. मुरगाव बंदरात ज्यांनी हे दृश्य पाहिले असेल त्यांना त्याची मौज ठाऊक आहे. डोंगराएवढे धूड, आणि त्याला वळविणाऱ्या या दोन ठेंगण्या बोटी!

जहाजाचे वळणे सुकाण्याच्या हाती असते, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे. सुकाणू म्हणजे पाण्यात उभी केलेली फळी. तिच्यावर पाणी आदळेल तरच ती जहाजाला वळवील, आणि ते पाणी तिच्यावर जोराने फेकतो तो तिच्या पुढ्यातला पंखा. होडी चालती असल्यावाचून सुकाणू ऐकत नाही, हे आपल्या खाडीतला नावाडीही सांगेल. धक्क्यापाशी जहाज जवळजवळ उभेच असते. त्यासाठी नाळेच्या पोटात, पाण्याखाली, या कुशीतून त्या कुशीपर्यंत आरपार बोगदा ठेवून त्यात एक आडवा पंखा बसवितात. त्यास थ्रस्टर म्हणतात. तो पाणी डावीकडे लोटतो, तेव्हा नाळ उजवीकडे सरकते. मात्र जहाजाने चार-पाच नॉटांहून अधिक वेग घेतला की त्याचा जोर ओसरतो.

26 मार्च 2024 च्या मध्यरात्रीनंतर 'डाली' नावाचे सुमारे 300 मीटर लांबीचे जहाज कोलंबोस जाण्यासाठी येथून निघाले. एवढ्या जहाजाला पंखा एकच व सुकाणूही एकच. आम्हांस हे प्रथम खरे वाटेना, पण बहुतेक मालवाहू जहाजे अशीच असतात. खोल पाण्यात आल्यावर टगबोटी रिवाजाप्रमाणे परतल्या. 1 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास, पूल अवघा एक किलोमीटर उरला असता, जहाजावरील वीज गेली. त्याबरोबर मुख्य यंत्र थांबले व पंखाही थांबला. वीज आली आणि पुन्हा गेली. आणीबाणीच्या विजेवर सुकाणू फिरविता येत होते, पण त्यावर पाणी फेकणारे कोणी नव्हते. वाटाड्याने नाळेचा थ्रस्टर मागितला, तोही मिळेना. नांगर टाकला, टगबोटींस हाक दिली. पण चार मिनिटांत काय होणार? 1 वाजून 29 मिनिटांनी जहाज पुलाच्या खांबावर आदळले.

इशारा मिळताच पोलिसांनी पुलावरील वाहने थांबविली, म्हणून अनेक जीव वाचले. परंतु रात्रपाळीस रस्त्याचे खड्डे बुजविणारे सहा मजूर पुलाबरोबर नदीत गेले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर अशा देशांतून पोटासाठी आलेली ती माणसे. पुढे तपासात कळले की एका बारीक तारेवरची नावाची पट्टी चुकीच्या जागी बसली होती, त्यामुळे तार आपल्या खाचेत पुरती शिरली नव्हती.

जहाजावर 21 खलाशी होते. त्यांपैकी 20 आपले भारतीय, एक श्रीलंकेचा. ज्या घरांतून तारवटी गेलेले आहेत, त्या घरांस पुढची हकिकत अधिक समजेल. जहाज 20 मेपर्यंत तेथेच अडकून होते, आणि खलाशी त्यावरच. तपासासाठी त्यांचे मोबाइल फोनही नेण्यात आले, तेव्हा गावी बोलणे दुरापास्त झाले. 'अपोस्टलशिप ऑफ द सी' या कॅथलिक सेवाकार्याची व अन्य संस्थांची मंडळी त्यांची विचारपूस करीत राहिली. कोणी त्यांस तात्पुरते फोन पोहोचविले, कोणी भारतीय फराळ धाडला.

आमच्या डोळ्यांदेखत त्या दुसऱ्या जहाजाने तोंड फिरविणे पुरे केले. टगबोटींनी दोर सोडले नव्हते. जहाज जुन्या पुलाच्या दिशेने वळणाआड होईपर्यंत आम्ही त्या दोन बोटींकडेच पाहत होतो.