एकांताची याचना

'सॉलिट्यूड' या शब्दाला मराठीत दोन प्रतिशब्द संभवतात : एकांत आणि एकाकीपण. एकांत मागता येतो. एकाकीपण वाट्याला येते. हेच शीर्षक असलेली हेवी रॉक परंपरेतील दोन गीते शेजारी ठेवली की हा भेद ठळक होतो. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडच्या १९७१ मधील गीतात प्रेयसीने सोडलेल्या पुरुषाचे एकाकीपण आहे. तेथे एरवी गिटार वाजवणारा टोनी आयोमी बासरीही वाजवतो आणि सूर मंदच राहतो. कँडलमास या स्वीडिश बँडचे गीत मात्र एकांत मागते. 'एपिकस डूमिकस मेटॅलिकस' (१९८६) या त्यांच्या पहिल्या अल्बमचा आरंभच त्याने होतो : आधी शांत गिटार, मग संथ, जड आघात आणि त्यांवर योहान लँगक्विस्टचा भारदस्त, ऑपेराची आठवण देणारा स्वर. लेफ एडलिंगने रचलेल्या या गीताचा निवेदक अंधारात बसला आहे. त्याला मरण हवे आहे, आणि तेही एकट्याने.

हा केवळ नैराश्याचा उद्गार आहे, असे वाचन सहज सुचते. पण गीताचे व्याकरण त्याला पुरेसे वाव देत नाही. धृपद हे स्वगत नाही, ती विनंती आहे, आणि विनंतीला दुसरा माणूस लागतो. संहिता त्याचे नाव सांगत नाही. मात्र तो ऐकत आहे, हे गृहीत धरल्याशिवाय धृपदाला अर्थच उरत नाही. शिवाय निवेदक ख्रिस्ती दफनविधीतील माती मातीला मिळण्याचे सूत्र उच्चारतो. ते सूत्र मृताने म्हणायचे नसते. कबरीभोवती जमलेल्यांसाठी धर्मगुरूने म्हणायचे असते. म्हणजे एकट्याने मरू पाहणाऱ्याच्या तोंडी समुदायाचीच भाषा आहे.

या गीताचा अन्वयार्थ लावताना मला वडिलांचे शेवटचे आजारपण आठवते. त्यांना माणसे नकोशी झाली होती. "दार लोटून घे," असे ते म्हणत. 'बंद कर' किंवा 'कडी लाव' असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. लोटलेल्या दारातून आतली हाक बाहेर येऊ शकते. आम्ही दार लोटत असू आणि बाहेरच बसत असू.

एकांताच्या प्रत्येक याचनेत असे लोटलेले दार असते, असा माझा दावा नाही. काही दारे खरोखरच बंद होतात. परंतु जोवर याचना शब्दांत, त्यातही सुरांत, व्यक्त होत आहे, तोवर संवाद तुटलेला नसतो. मैफलीत हेच धृपद शेकडो श्रोते गायकासोबत गातात. त्याला हवा असलेला एकांत ते देऊ शकत नाहीत. त्याचे ऐकले गेले आहे, एवढे मात्र ते त्याला कळवतात.