उभं राहिल्यावरचं बीपी

आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसांच्या बीपीची चर्चा एका आकड्याभोवती फिरते. गोळी सुरू झाली, आकडा खाली आला, की सगळे निश्चिंत. पण तो आकडा बहुतेक वेळा खुर्चीवर बसवून घेतलेला असतो. आपली माणसं पडतात ती मात्र उठताना.

माझी अम्मी ७८ वर्षांची. वर्षभरात तिचं वजन आपोआप उतरलं, चाल मंदावली, बरणीचं झाकण तिला फिरवता येईना. पाहुणे म्हणतात, "उमर हो गई." डॉक्टर याला फ्रेल्टी म्हणतात. २००१ मध्ये लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी तिच्या पाच खुणा मांडल्या : नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, हाताची कमजोर पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. यांपैकी तीन दिसल्या तर माणूस फ्रेल समजावा.

अशा शरीराची खरी परीक्षा उठताना होते. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. तरुणपणी रक्तवाहिन्या लगेच आवळतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि आपल्याला काही कळतही नाही. उतारवयात ही यंत्रणा सुस्तावते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर चक्कर आणि पडण्याचा धोका असतो. अम्मीचा वरचा आकडा झोपून १३६ होता, उभ्याने ११२. डॉक्टरांनी गोळ्यांची फेरमांडणी केली.

म्हणून गोळ्या बंद कराव्यात, असं मात्र नाही. ८० च्या पुढच्या लोकांवर झालेला 'हायव्हेट' हा मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बीपीवर उपचार घेणाऱ्यांमध्ये हार्ट फेल्युअर आणि मृत्यू, दोन्ही कमी झाले. तेव्हा स्वतःच्या मनाने गोळी सोडू नये. रमजानमध्ये वेळा बदलायच्या असतील तर आधीच डॉक्टरांना विचारावं.

आमच्या घरात खरी अडचण नमाजची होती. सजद्यातून कयामसाठी उठताना अम्मीचा तोल जायचा. खुर्चीचं नाव काढलं की ती म्हणायची, "कुर्सी पे बैठी तो समझो बुड्ढी हो गई मैं." उभं राहता येत नसेल त्याला बसून, तेही जमत नसेल तर पडून नमाज पढण्याची सवलत दीनमध्ये आहे, हे तिला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. सवाल मसल्याचा नव्हता, इज्जतीचा होता. शेवटी तोडगा तिनेच काढला : फजर खुर्चीवर, कारण झोपेतून उठल्यावर चक्कर जास्त येते, बाकीच्या नमाजा उभ्याने, पण भिंतीलगत.

तुमच्याही घरी अम्मी-अब्बा असतील. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की एवढंच म्हणा, "डॉक्टर, एकदा उभं करूनही बीपी बघा." घरी त्यांना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उठायला सांगा. ताटात डाळ, अंडं असू द्या आणि झेपेल तेवढं रोज चालू द्या. त्यांच्या वतीने निर्णय घेण्याची घाई मात्र करू नका.