पानाच्या पाठीमागचा फोटो



मागच्या आठवड्यात मिरचीच्या पानाखालच्या कोळ्याचा फोटो टाकला, तेव्हापासून एकच प्रश्न येतोय, "कॅमेरा कोणता? कितीला पडला?" एकेकाला उत्तर देण्यापेक्षा म्हटलं, एकदाच सगळं लिहून काढावं. पण नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागणार नाही. कॅमेरा का घेतला हे आधी सांगावं लागेल, आणि ती गोष्ट काही फार अभिमानाची नाही.

२०१९ ची उन्हाळी मिरची. आमच्या भोकरदन भागात करतात तशीच, मल्चिंगवर, ठिबकवर, एक एकर. प्लॉट असा जमला होता की येणारा-जाणारा बांधावर थांबायचा. मार्चच्या शेवटी शेंडे आकसायला लागले, पानं वळायला लागली. आपल्याकडे याला एकच नाव, बोकड्या. कुणी चुरडा-मुरडा म्हणतं. मी मोबाईलवर उभ्या-उभ्याच वरून एक फोटो काढला आणि ओळखीच्या एका सरांना पाठवला. कीटकशास्त्र शिकलेला माणूस. त्यांचं उत्तर आलं, "फोटो धूसर आहे. फुलकिडे असतील, कोळी असेल, व्हायरस पण असू शकतो. पानाची खालची बाजू जवळून काढून पाठवा."

तेवढा धीर मला नव्हता. गाडीला किक मारली आणि दुकान गाठलं. दुकानदाराने फोटो बघितला न बघितला, फुलकिड्यांचं औषध दिलं. आठ दिवसांनी दुसरं, मग तिसरं, मग दोन मिसळून. पाच फवारे झाले. प्लॉट सुधारायचं सोडा, शेंडे जळाल्यासारखे झाले. मे महिन्यात अर्धा प्लॉट उपटून बांधावर टाकला. त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

नंतर सर दुसऱ्या कामाने इकडे आले होते. उरलेल्या झाडाचं एक पान तोडून त्यांनी भिंगाखाली धरलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. पिवळसर, काचेसारखे बारीक ठिपके, आणि ते चालत होते. पिवळा कोळी. आकाराने साधारण पाव मिलिमीटरपेक्षाही लहान, पाय आठ. तो कीटकच नाही, त्यामुळे फुलकिड्यांच्या बऱ्याचशा औषधांनी त्याला काही होत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक आणि मित्रकोळी मरतात आणि त्याला रान मोकळं मिळतं. म्हणजे पाच फवारे मारून मीच त्याची सोय केली होती.

त्या दिवसापासून डोक्यात बसलं, आपल्याला नीट बघता आलं पाहिजे.

कॅमेरा कसा निवडला

पुण्यातला भाचा त्याचा जुना कॅमेरा विकत होता. कॅनन ७००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. घरचा म्हणून सोळा हजारांत दिला. घरी आणला तर बायको म्हणाली, "अहो, फवारणी पंपाची बॅटरी गेलीय ती आधी बसवा की." आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, खाटेवरूनच बोलले, "फोटोनं मिरची लाल होती का रे?" मी काय बोलणार.

त्याच पैशात जास्त मेगापिक्सेलचा दुसरा कॅमेरा मिळत होता. हा १८ मेगापिक्सेलचाच आहे. पण याचा मागचा स्क्रीन दारासारखा उघडतो आणि फिरतो. आपल्याला फोटो काढायचाय पानाच्या खालून, जमिनीपासून वीतभर उंचीवर. स्क्रीन फिरत नसेल तर सरीत पालथं झोपावं लागतं. घेताना मेगापिक्सेल मोजण्यापेक्षा आपल्याला कुठं वाकायचंय ते बघा.

जुना घेणार असाल तर दोन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. लेन्समधून मोबाईलची बॅटरी पाडून बघा, आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, सोडून द्या. दुसरं, एफ/२२ ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण भाव तेवढा कमी करून घ्या.

किडा मोठा कसा दिसतो

नुसत्या किट लेन्सने फुलकिडा दिसत नाही. मॅक्रो लेन्सची किंमत ऐकून मी गप्प बसलो. मग समजलं की तीच १८-५५ लेन्स उलटी लावता येते. त्यासाठी एक रिंग मिळते, काही शेकड्यांत. माझ्या लेन्सला ५८ मिलिमीटरची लागली. गंमत म्हणजे उलट्या लेन्सला झूम जितका कमी, तितका किडा मोठा.

पण त्यात कटकटी आहेत. किड्याच्या चार-पाच सेंटीमीटर जवळ जावं लागतं, तोवर तो उडून जातो. उलट्या लेन्सला कॅमेऱ्याचा हुकूम पोचत नाही, त्यामुळे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं राहतं आणि किड्याचा एक पाय स्पष्ट, बाकी धुकं. त्यावर उपाय असा, की लेन्स सुलटी असतानाच एफ/८ लावायचं, लेन्सच्या बाजूचं डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि तसंच दाबून लेन्स काढायची. अ‍ॅपर्चर तिथंच अडकून राहतं. आणि लेन्स शेतात काढायचीच नाही, घरी लावून न्यायची. नाहीतर आपली माती थेट सेन्सरवर.

वर्षभर असं काढलं. मग दिवाळीत रेनॉक्स डीसीआर-२५० ही चिमटा लेन्स घेतली. ती ५५-२५० च्या तोंडावर नुसती अडकवायची. झूम पूर्ण केला की किडा सेन्सरवर खऱ्या आकाराच्या दुप्पट उमटतो. आख्ख्या फ्रेममध्ये पट्टीवरचे जेमतेम अकरा मिलिमीटर बसतात. एक मिलिमीटरचा फुलकिडा त्यात झकास दिसतो, पंखांच्या झालरीसकट. कोळी ठिपक्याएवढाच दिसतो, पण फोटो मोठा केला की पाय कळतात. किड्यापासून बारा-साडेबारा सेंटीमीटर लांब राहता येतं, म्हणून तो बिचकत नाही. आज माझं ऐंशी टक्के काम याच जोडीवर चालतं.

उजेड आणि वारा

इतक्या जवळून काढताना फोकस कागदाच्या जाडीएवढाच असतो. म्हणून मी एफ/११ ठेवतो, शटर १/२००, आयएसओ २०० आणि कॅमेऱ्याचाच फ्लॅश. नुसता फ्लॅश पानावर चकाकतो आणि लेन्सची सावली पडते. टीव्हीच्या खोक्यातून आलेली पांढरी फोमची शीट कापून फ्लॅशपासून लेन्सच्या तोंडापर्यंत रबरबँडने बांधलीय. दिसायला भूत दिसतं, पण उजेड दुधासारखा पडतो.

वेळ सकाळी सात ते साडेआठ. तेव्हा वारा पडलेला असतो आणि किडे गारठलेले असतात. डाव्या हाताच्या बोटांत पान धरायचं आणि लेन्स त्याच हाताच्या मनगटावर टेकवायची. म्हणजे पान हललं तर कॅमेराही सोबत हलतो. ऑटोफोकस बंद करून आपणच हळूच पुढं-मागं झुलायचं आणि धडाधड दहा फोटो काढायचे. एक चांगला निघतो. एकही निघाला नाही तरी हरकत नाही, बैल पाहिल्या दिवशी औताला लागत नाही.

फवारणीच्या दिवशी कॅमेरा शेतात नेत नाही. पावसाळ्यात तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतो. पहिल्या पावसाळ्यात कपाटात ठेवला होता तेव्हा वास यायला लागला होता, वेळीच समजलं.

फोटोने केलेली दुसरी चूक

कॅमेरा आला म्हणून शहाणपण आलं असं समजू नका. पुढच्याच हंगामात एका पानाखाली कोळी सापडला. स्क्रीनवर तो डुकराएवढा दिसला आणि माझा जीव उडाला. लगेच सरांना फोटो पाठवला आणि वर लिहिलं, "कोळीनाशक आणायला निघालोय." त्यांनी उलट विचारलं, "फोटो छान आहे. पण किती झाडांवर?"

मी मोजलंच नव्हतं. परत गेलो. प्लॉटमध्ये नागमोडी फिरून पंचवीस झाडांची शेंड्याची पानं बघितली. कोळी निघाला चार झाडांवर, तोही सगळा कडुलिंबाच्या बाजूच्या दोन बेडवर. तेवढ्याच पट्ट्यात लेबल वाचून शिफारशीचं कोळीनाशक मारलं, बाकी प्लॉटला हात लावला नाही. पुढचे पंधरा दिवस रोज भिंग घेऊन फिरलो. कोळी पुढं सरकला नाही.

तेव्हा कळलेली गोष्ट इथल्या कृषी पदवीधर मित्रांनाही सांगतो, कारण तुमच्याकडे रोज असे फोटो येतात. फोटो सांगतो कोण आहे. किती आहे ते फोटो सांगत नाही. त्यासाठी पायच झिजवावे लागतात. शेतकऱ्याने झूम करून एक किडा पाठवला तर त्याला आधी आकडा विचारा.

अण्णांचा फोटो

मोहरीच्या चार ओळी कडेला टाकल्या होत्या, त्यावर मावा आला होता. त्यात एक काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लासारखी अळी फिरत होती. फोटो काढला तेव्हा तिच्या तोंडात मावा होता. रात्री अण्णांना लॅपटॉपवर दाखवला. म्हटलं, ही ढालकिड्याची अळी, लेडीबर्डची. माव्याचा फडशा पाडते.

अण्णा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "ही तर आम्ही दिसली की बोटानं चिरडायचो. तुझ्या आज्यानंच सांगितलेलं, ही लई वाईट अळी म्हणून." थोड्या वेळाने परत बोलले, "आन् फवारे पण मारले असतील तिच्यासाठी."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी मला उठवायला तेच येतात. नजर अधू झालीय, पण शेंड्याजवळ काही हललं की हाक मारतात, "अरे ये, तुझं गिऱ्हाईक आलंय." परवा त्यांनीच पानाखाली केसासारख्या दांड्यांवर लटकलेली बारीक पांढरी अंडी दाखवली. क्रायसोपाची अंडी. माझ्या आजवरच्या फोटोंत मला सगळ्यात आवडतो तो हाच. फार काही उपयोगाचा नाही, नुसता छान आहे. छंद म्हणतात तो हाच असावा.

काय घ्यावं, थोडक्यात

सगळ्यात आधी दहापट दाखवणारं हातभिंग घ्या. दोन-चारशे रुपयांत मिळतं आणि ओळखीचं निम्मं काम त्यातच होतं. मग मोबाईलला लावायची चिमट्याची मॅक्रो लेन्स बघा. कॅमेरा शेवटी, आणि आवड असेल तरच. त्यासाठी कर्ज काढू नका, खताचे पैसे त्यात घालू नका.

तज्ज्ञाला फोटो पाठवायचा तर एक पाठवू नका. आख्खा प्लॉट, आख्खं झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू असे चार काढा. शेवटच्यात शेजारी शाळेची पट्टी धरा, म्हणजे आकार कळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो दाबला जातो आणि बारकावे जातात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून त्या कागदाचाही एक फोटो काढा. फुलकिडे असतील तर कागदावर पळताना दिसतात.

मिरचीवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा. पानाच्या कडा वर वळून होडीसारखं पान झालं तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळल्या, पान अरुंद झालं आणि देठ लांबला तर कोळ्याचा संशय घ्या. पांढऱ्या माशीमुळे येणारा व्हायरस तिसराच, आणि शेतात हे तिन्ही एकत्र पण असतात. नाव एकच, बोकड्या, पण औषध एक नाही.

हे लिहिता-लिहिता २०१९ चा तो जुना मोबाईलवरचा फोटो शोधून काढला. धूसर आहे, उभ्या-उभ्या काढलेला आहे, कामाचा नाही असंच मी इतके दिवस समजत होतो. आज मोठा करून बघितला. पानांच्या कडा खाली वळलेल्या स्पष्ट दिसतात. फोटोत होतं की हो सगळं. बघितलं नव्हतं ते मी.

तुमच्याकडे सध्या मिरचीची पानं कुठल्या बाजूला वळताहेत, खाली उलटून बघा आणि सांगा. फोटो टाकला तर उत्तमच. धूसर असला तरी चालेल, फक्त पानाची पाठ दिसू द्या.