जुन्या मोटारीची वही

गेल्या वैशाखात आमचा पुतण्या तलासरीहून आला आणि ओटीवर टेकताच म्हणाला, "काका, बारा वर्षं वापरलेली एक सेडान मिळते आहे. मालक वापीचा आहे. घेऊ का?" आम्ही त्याला होकार दिला नाही की नकार दिला नाही. आत गेलो आणि कपाटाच्या तळाशी पडलेली लाल बांधणीची वही काढून त्याच्यापुढे ठेवली.

ती वही आमच्या पद्मिनीची. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने १९६४ पासून ११०० डिलाइट ही मोटार तयार होऊ लागली आणि १९७४ मध्ये तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. लोकांनी हे नवे नाव फारसे मनावर घेतले नाही. त्यांच्या तोंडी ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यालगत गियर, पुढे मागे ऐसपैस बाकासारखी आसने. आम्ही तलासरीला शिकवीत असू आणि बिऱ्हाड डहाणूला होते. एस.टी.च्या वेळा आणि शाळेच्या वेळा यांचे कधीच जमले नाही म्हणून १९९४ मध्ये एका चिकूच्या बागाईतदाराकडून आम्ही दहा वर्षे वापरलेली ही गाडी ४२,००० रुपयांना घेतली. त्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढले होते, हे सासरेबुवांना पुष्कळ दिवस कळू दिले नव्हते.

वहीच्या पहिल्या पानावर किंमत ठळक अक्षरांत लिहिली आहे. पुढच्या पानांवर अक्षर बारीक होत गेले आहे, कारण जागा पुरेनाशी झाली. बॅटरी १,४००, दोन टायर १,९००, किंगपिन आणि बुश १,१५०, रेडिएटरला डाग १२०. यात गाडीचा दोष काढण्यात अर्थ नव्हता. दोष होता तो वयाचा, डहाणूच्या खाऱ्या हवेचा आणि पुष्कळदा आमचा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरण्यासाठी बारीक भोके असतात. ती पालापाचोळ्याने बुजली की पावसाचे पाणी आतच साचते आणि पत्रा आतून कुजत जातो. बाहेरून रंग मात्र तुकतुकीत असतो. आम्हाला हे कळले ते कन्येने एकदा पायाखालची चटई उचलून "बाबा, रस्ता दिसतो!" असे आनंदाने सांगितले तेव्हा. त्या आनंदाची किंमत वहीत पत्राकाम या सदरात ६,००० रुपये अशी नोंदली आहे.

उन्हाळ्यात आणखी एक खोड असे. पेट्रोलचा पंप इंजिनाला बिलगून असल्याने चारोटी नाक्याच्या गर्दीत गाडी तापली की पंपातल्या पेट्रोलची वाफ होई आणि पंपाला ते ओढता येत नसे. मग बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवायचे आणि दहा मिनिटे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सल्ले ऐकायचे. याला खर्च नाही, म्हणून वहीत नोंदही नाही.

खरी नोंद मे १९९६ मधली आहे. तलासरीला महामार्गाच्या कडेला आमच्या मिस्त्रींचे गॅरेज होते. एका संध्याकाळी गाडीखालून बाहेर येत ते म्हणाले, "मास्तर, मागच्या डाव्या चाकात ब्रेकचं ऑइल झिरपतंय. किट टाकून घ्या. साडेतीनशेत होईल." आम्ही म्हटले, "पगार होऊ द्या, मिस्त्री." त्याच आठवड्यात आम्ही ६०० रुपये देऊन नवी सीट कव्हरे बसविली. जव्हारला लग्न होते आणि पाहुण्यांत शोभा व्हावी, हा विचार.

लग्नाहून परतताना जव्हारचा घाट उतरून कासाकडे येत होतो. दिवस मावळला होता. सौ. मागे बसल्या होत्या आणि कन्या त्यांच्या मांडीवर झोपली होती. एका वळणाआधी आम्ही ब्रेक दाबला आणि पायाला काही लागलेच नाही. पेडल सरळ खाली गेले. ब्रेकचे सारे बळ नळीत कोंडलेल्या ऑइलच्या दाबात असते. एखाद्या चाकातली रबरी वाटी फाटली की ऑइल तिथून गळत जाते, आणि ते पुरेसे कमी झाले की पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. ही विद्या आम्हाला नंतर आली. त्या क्षणी आम्ही नुसते पेडल मारीत राहिलो. मग कसेबसे गियर दुसऱ्यावर आणले, हातब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या मातीच्या दरडीला गाडी घासत नेली. ती थांबली. दुसऱ्या बाजूला काय होते ते आम्ही उतरून पाहिले नाही.

कन्या जागीही झाली नव्हती. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सौ. शांतपणे म्हणाल्या, "कव्हरं छान आहेत हो."

सकाळी निरोप मिळताच मिस्त्री तलासरीहून एस.टी.ने आले. किट रुमालात बांधलेले होते. दरडीला टेकलेल्या गाडीशेजारी बसून त्यांनी चाक उघडले, सिलिंडरची रबरे बदलली, ऑइल भरले, सौ.ना पेडल दाबायला बसवून नळीतली हवा काढली. आम्ही पाकीट काढले तेव्हा त्यांनी सामानाचे ९० रुपये आणि एस.टी.चे भाडे घेतले. "मजुरी नको, मास्तर. पुढल्या वेळी सांगितलं की ऐका."

त्यानंतर आम्ही ऐकत गेलो. १९९८ मध्ये इंजिन धूर ओकू लागले तेव्हा बोअर करून नव्या पिस्टन-रिंगा घातल्या. १९९९ मध्ये पंधरा वर्षे भरली, तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. २००४ मध्ये गाडी दिली, तेव्हा दुरुस्तीची बेरीज खरेदीच्या किमतीपुढे गेली होती.

पुतण्याने वही चाळली आणि म्हणाला, "काका, हल्लीच्या गाड्यांना असलं काही होत नाही." काही अंशी ते खरे आहे. पण रबर हे रबरच. ज्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे त्याचा पट्टा केव्हा बदलला हे मालकाला सांगता आले नाही, तर तो घेतल्याबरोबर बदलावा. तो धावत्या गाडीत तुटला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग हजारांत भागत नाही. शिवाय ही गाडी गुजरातची, जी.जे. १५. मूळ कार्यालयाचे ना हरकत पत्र घेऊन बारा महिन्यांच्या आत इकडे नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो तो वेगळा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढविण्याचे शुल्कही एप्रिल २०२२ पासून ६०० चे ५,००० झाले आहे. त्याची गाडी तीन वर्षांत तिथे पोहोचेल. किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेव, तो नसेल तर गाडी घेऊ नकोस, एवढे आम्ही त्याला सांगितले. हा हिशेब आमच्या वहीचा. कुठल्या तज्ज्ञाचा नव्हे.

रविवारी त्याचा वापीहून फोन आला. "काका, मागच्या चाकाच्या आत ओल दिसते. मालक म्हणतो, आत्ताच गाडी धुतली आहे."

"बोट लावून बघ," आम्ही म्हटले.

थोडा वेळ नुसता रस्त्याचा आवाज ऐकू येत राहिला.

"निसरडं आहे, काका."

मालकाने चार हजार कमी केले. गाडी चालवीत आणायची नाही, असे आम्ही बजावले. ती दुसऱ्या गाडीवर चढवून तलासरीला आणली. आता गॅरेज मिस्त्रींचा मुलगा चालवतो. मजुरी त्याने पूर्ण घेतली.