चाकांना दगड

पोळा चार दिवसांवर आला होता आणि बाबांच्या जीपचा दुसरा गिअर टिकत नव्हता. उताराला लागलं, की लिव्हर आपोआप सुटायची. सौंसरकडच्या बागेतून तीस वर्षं संत्र्याचे कॅरेट वाहिलेली महिंद्राची तीन गिअरची जुनी जीप. गिअरचे दाते झिजले होते, बेअरिंगं खुळखुळत होती. आंबिया बहाराचा तोडा सुरू होण्याआधी काम उरकायलाच हवं होतं.

नागपूरच्या एका कबाड्याकडे गिअरबॉक्स मिळाला, पण तो चार गिअरचा. पांढुर्ण्याच्या मिस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी चारही चाकांना दगड लावले.

"हँडब्रेक ओढला आहे ना," बाबा म्हणाले.

"काकाजी, शाफ्ट काढल्यावर हँडब्रेक धरणार कोणाला?"

खरंच होतं. या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी असतो. मागचा शाफ्ट उतरला, की ब्रेक ओढा नाही तर गाडी गिअरमध्ये टाका, मागची चाकं मोकळीच. हा ट्रान्सफर केस 1941 च्या लष्करी विलीस जीपच्या घराण्यातला. पुढचा आणि मागचा, दोन्ही शाफ्ट त्यातूनच निघतात.

पेच इथेच होता. नवा बॉक्स जुन्यापेक्षा काही बोटं लांब, त्यामुळे त्याला जोडलेला ट्रान्सफर केस तेवढाच मागे सरकला. म्हणजे मागचा शाफ्ट आखूड करायचा आणि पुढचा लांब. मिस्त्रींनी मापं घेतली ती गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर चाकांच्या ॲक्सलचं हाउसिंग खाली लोंबतं आणि माप चुकतं. मग दोन्ही शाफ्ट खरादवाल्याकडे गेले.

मध्ये पोळा आला. दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, त्यामुळे दुकानं बंद. दोन दिवस जीप दगडांच्या आधारानं उघड्या पोटानं उभी होती आणि बाबा रोज जाऊन ताडपत्री नीट करून येत होते.

शाफ्ट आले, बसले, नव्वद नंबरचं ऑइल भरलं. नागपूर रस्त्यावर वेग चाळीसपुढे गेला आणि पायाखालचा पत्रा थरथरू लागला. बाबांचा चेहरा उतरला. मिस्त्री मात्र थेट गाडीखाली शिरले. सरकत्या जोडाचा एक दाता इकडचा तिकडे बसला होता. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस कोनात फिरताना शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा घटतो. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असले, तर एका क्रॉसनं घातलेला हिसका दुसरा काढून घेतो. नसले, तर ते हिसके गाडीभर पसरतात. मिस्त्रींनी जोड उपसला, योक डोळ्यांनी जुळवले आणि दोन्ही तुकड्यांवर छिन्नीनं खूण मारली, पुढच्या माणसासाठी. मला त्यांचं हे सगळ्यात जास्त भावलं. गाडी परत त्यांच्याकडेच येईल, असं त्यांनी धरलं नव्हतं.

थरथर थांबली. बाबांनी जीप तशीच बागेकडे घेतली. धुऱ्यापलीकडे काळी माती पावसानं लोण्यासारखी झालेली. मागची चाकं जागीच फिरली. त्यांनी ट्रान्सफर केसची छोटी लिव्हर ओढली, लांब केलेल्या शाफ्टनं पुढची चाकं फिरवली आणि जीप संथपणे चिखलातून वर आली. डांबरी रस्त्याला लागण्याआधी त्यांनी लिव्हर परत ढकलली. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, आणि कोरड्या रस्त्यावर तो सगळा पीळ या दोन शाफ्टवर येतो.